हद्दपार माणसांनी रुजवलेले कॉलेज

4 जुलै 1872 रोजी जर्मन साम्राज्यात एक कायदा झाला. येशूसंघाची, म्हणजेच जेझुइट पंथाची, देशातली घरे बंद करायची, परदेशी जेझुइटांना बाहेर काढायचे आणि जर्मन जेझुइटांनी कुठे राहावे हे सरकारने ठरवायचे, अशी त्यात तरतूद होती. रोमच्या पोपच्या आज्ञेत राहणारी माणसे जर्मन राष्ट्राशी एकनिष्ठ राहू शकत नाहीत, हा चान्सलर बिस्मार्कचा संशय त्यामागे होता. हा कायदा झाला तेव्हा मुंबईत धोबी तलावापाशी याच पंथाच्या जर्मन माणसांनी काढलेले एक कॉलेज जेमतेम तीन वर्षांचे होते. त्याचे नाव सेंट झेवियर्स.

यानंतर बेचाळीस वर्षांनी पहिले महायुद्ध पेटले आणि ज्यांना जर्मनीने परके ठरवले होते, त्यांनाच ब्रिटिश सरकारने जर्मन म्हणून शत्रू ठरवले. दोन्ही साम्राज्यांनी नाकारलेल्या या माणसांची संस्था मात्र टिकली, वाढली आणि आज दीडशे वर्षांची वाट मागे टाकून उभी आहे. झेवियर्सचा इतिहास सांगताना लोक तिथल्या दगडी कमानींबद्दल आणि तिथून निघालेल्या नामवंतांबद्दल बोलतात. ते खरे आहेच. पण या कॉलेजला खरी उंची दिली ती तिथल्या परदेशी प्राध्यापकांच्या एका निर्णयाने. आपण ज्या भूमीवर आलो तिची झाडे, तिचे गवत, तिचे शिलालेख आणि तिची नाणी हाच आपल्या अभ्यासाचा विषय, असे त्यांनी ठरवले. कॉलेजचे आवार वाढत गेले ते या अभ्यासाच्या मागोमाग.

वसई ते धोबी तलाव

जेझुइट मुंबईला नवे नव्हते. ज्यांच्या नावाने हे कॉलेज आहे ते फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्याला उतरले आणि पुढे वसईलाही येऊन गेले. त्यांच्या मागून आलेल्या जेझुइटांनी वसई, ठाणे, वांद्रे या पट्ट्यात चर्च आणि शाळा उभ्या केल्या. वसईच्या किल्ल्यात त्यांच्या चर्चचे भग्न अवशेष आजही दिसतात. गोव्यात त्याच पंथाच्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने मराठीत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते 1616 मध्ये छापले गेले. मराठी भाषेशी जेझुइटांचे नाते इतके जुने आहे.

पण ही परंपरा मध्येच तुटली. 1720 मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी पोर्तुगीज धर्मगुरूंना बेटाबाहेर घालवून कार्मेलाइट पंथाला बोलावले. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता संपली. 1759 मध्ये खुद्द पोर्तुगालनेच आपल्या मुलुखातून जेझुइटांना हाकलले आणि 1773 मध्ये पोपने हा पंथच विसर्जित केला. 1814 मध्ये त्याला पुन्हा मान्यता मिळाली. त्यामुळे 1854 पासून जे जर्मन जेझुइट मुंबईत येऊ लागले, त्यांना आपल्या पूर्वजांच्या कामाचे फक्त पडके अवशेष दिसले. शिक्षणाचा संसार त्यांना शून्यातून मांडायचा होता.

मुंबईच्या कॅथलिक समाजाची तेव्हाची स्थितीही अवघड होती. काही चर्च गोव्याच्या आर्चबिशपच्या अधिकाराखाली, तर काही थेट रोमच्या प्रतिनिधीच्या. या दुहेरी सत्तेपायी गावोगावी दोन तट पडले होते. मुंबई, साष्टी आणि वसईचे मूळ कॅथलिक घरात मराठीची बोली बोलत, शेती करत, मिठागरे सांभाळत, मासे मारत. पुढे 1887 मध्ये त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. दुसरीकडे गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्यांची रीघ लागली होती. धोबी तलाव आणि आसपासच्या गल्ल्यांत त्यांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेले मुक्कामाचे क्लब, उभे राहत होते. या दोन्ही समाजांना मुलांच्या इंग्रजी शिक्षणाची निकड भासत होती.

आणि शहर तर धावत सुटले होते. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. 1862 मध्ये त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. सरकारचे एल्फिन्स्टन कॉलेज होते, स्कॉटिश मिशनऱ्यांनी उभी केलेली आणि पुढे विल्सन यांच्या नावाने ओळखली गेलेली संस्था होती. कॅथलिकांचे कॉलेज मात्र नव्हते. जेझुइटांनी 1864 मध्ये सेंट मेरीज ही शाळा काढली होती. तिच्या पाठोपाठ 1869 मध्ये सेंट झेवियर्स हायस्कूल आणि कॉलेज सुरू झाले आणि त्याच वर्षी कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाले. फादर जोसेफ विली यांनी या दोन्हींची सुरुवातीची घडी बसवली. शाळा आणि कॉलेज पहिली काही वर्षे एकत्रच नांदत होती.

पाडलेल्या तटाच्या बाहेर

कॉलेजची जागा नकाशावर पाहिली की त्या काळाची चाल लक्षात येते. 1862 ते 1867 या काळात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडायला लावले. तटाबाहेरचे मोकळे मैदान शहराला मिळाले आणि तिथे सार्वजनिक इमारतींची रांग लागू लागली. मैदानाच्या उत्तर कडेने जाणारा रस्ता म्हणजे क्रुकशँक रोड, आजचा महापालिका मार्ग. या रस्त्यावर एल्फिन्स्टन हायस्कूल आले, 1886 मध्ये कामा हॉस्पिटल आले. रस्त्याच्या पूर्व टोकाला 1888 मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस पुरे झाले आणि त्याच्या समोर 1893 मध्ये महापालिकेची इमारत. पश्चिम टोकाला धोबी तलाव. तो तलाव तोवर बुजलेला होता, नाव तेवढे राहिले होते.

या रांगेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेंट झेवियर्स कॉलेजची स्वतंत्र इमारत उभी राहिली. युरोपातली गॉथिक धाटणी आणि इथल्या उन्हापावसाला लागणारे लांब व्हरांडे यांची सांगड तिच्यात घातलेली आहे. टोकदार कमानी, दगडी भिंती, उतरती छपरे आणि मधोमध चौक. मुंबईच्या पावसाळ्यात एका वर्गातून दुसऱ्या वर्गात कोरडे जाता यावे, भर उन्हाळ्यात चौकातून वारा खेळावा, हा हिशेब त्या रचनेत आहे. विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या या चौकाला ‘क्वाड’, प्रवेशाच्या दालनाला ‘फॉयर’ आणि मागच्या झाडीच्या भागाला ‘वुड्स’ म्हटले. पुढे लागतील तशा इमारती जोडत जाऊनही सारे आवार तीन एकरांच्या आतच राहिले. बाजूला पसरायला जागा नव्हतीच. दाट वस्तीच्या या शहरात कॉलेजला वाढायचे होते ते आतल्या आत, प्रयोगशाळांत, कपाटांत आणि माणसांत.

विद्यार्थ्यांचा पट सुरुवातीपासून संमिश्र होता. कॅथलिकांसाठी काढलेल्या या कॉलेजात पारशी, हिंदू, मुसलमान, ज्यू अशा सगळ्या घरांतली मुले येत. पांढऱ्या झग्यातल्या धर्मगुरूंनी त्यांना लॅटिन, तर्कशास्त्र, भौतिकशास्त्र शिकवले. विद्यापीठाच्या परीक्षेत निकाल चांगला लागला की कॉलेजचे नाव होत होते. तिथेच ते थांबले असते, तर मुंबईतल्या अनेक चांगल्या कॉलेजांपैकी एक एवढीच त्याची ओळख राहिली असती.

वाळलेल्या पानांचा खजिना

1903 मध्ये एथेलबर्ट ब्लॅटर नावाचा पंचविशीतला स्विस जेझुइट मुंबईत आला. जर्मनीत जेझुइटांची शिक्षणालये बंद असल्याने त्या पिढीच्या जर्मन प्रांतातल्या तरुणांचे शिक्षण हॉलंड आणि इंग्लंडमध्ये होई. ब्लॅटर वनस्पतिशास्त्र शिकवू लागले आणि लगेच त्यांच्या ध्यानात आले, की मुलांच्या हातात असलेली पुस्तके युरोपातल्या झाडांची आहेत. सह्याद्रीतली झाडे दाखवायची तर सह्याद्रीत जायला हवे होते. 1906 मध्ये त्यांनी कॉलेजात वनस्पतींचा संग्रह सुरू केला. तेच आजचे ब्लॅटर हर्बेरियम.

हर्बेरियमचे काम बाहेरून साधे दिसते. फुला-फळांसकट झाडाची फांदी तोडायची, कागदांच्या थरांत दाबून वाळवायची, कीड लागू नये म्हणून औषध लावायचे, जाड कागदावर शिवायची किंवा चिकटवायची आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणारा. मुंबईच्या दमट हवेत बुरशी आणि कीड यांच्याशी झुंजत हे काम वर्षानुवर्षे करणे किती चिवटपणाचे आहे, हे ज्यांनी पावसाळ्यात कपाटातली पुस्तके वाचवली आहेत त्यांना कळेल. पण त्या चिठ्ठीला पुराव्याचे मोल असते. अमुक गवत साष्टीत अमुक ठिकाणी अमुक दिवशी उगवले होते, हे ती सांगते. ज्या जागी आज इमारती आहेत, तिथे शंभर वर्षांपूर्वी काय उगवत होते याचे उत्तर द्यायला दुसरा साक्षीदार उरलेला नाही.

ब्लॅटर एकटे नव्हते. चार्ल्स मॅक्कॅन, हॉलबर्ग, सबनीस, डाल्मेडा असे सहकारी आणि शिष्य त्यांना मिळाले. ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकातून त्यांचे लेखन वर्षानुवर्षे येत राहिले. राजस्थानच्या वाळवंटाची वनस्पतिसंपदा, एडन आणि अरबस्तानातल्या वनस्पती, सिंधू नदीच्या मुखाजवळची झाडे, मुंबई इलाख्यातली नेची, गवते, ताड-माडांच्या कुळातली झाडे, काश्मीरची फुले. ‘मुंबईची नेची’ हा त्यांचा आणि डाल्मेडा यांचा इंग्रजी ग्रंथ 1922 मध्ये निघाला. मॅक्कॅन यांच्यासह केलेला गवतांवरचा ग्रंथ ब्लॅटर यांच्या मृत्यूनंतर 1935 मध्ये आला. भारतातल्या सुंदर वृक्षांवर त्यांनी डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या जोडीने लिहिलेली लेखमाला 1937 मध्ये पुस्तकरूपाने निघाली आणि आजही वृक्षप्रेमींच्या कपाटात सापडते.

हे मिलार्ड म्हणजे सोसायटीचे तेच सचिव, ज्यांच्याकडे 1908 मध्ये एक मुलगा पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन गेला होता. तो मुलगा सालिम अली. ब्रह्मदेशातून परत आल्यावर सालिम अली मुंबईत व्यापारी शिक्षणाचे वर्ग करत होते. त्यांचा ओढा कुठे आहे हे ब्लॅटर यांनी ओळखले आणि झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकण्याचा सल्ला दिला. भारतीय पक्षिशास्त्राच्या वाटचालीत त्या सल्ल्याचा वाटा मोठा आहे. एका वनस्पतिशास्त्रज्ञाने दुसऱ्या शाखेतला विद्यार्थी हेरावा, यातच त्या कॉलेजात काय वारे वाहत होते हे दिसते.

आणखी एका कामात ब्लॅटर यांचा हात मराठी माणसांच्या कामात मिसळला. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि बामनदास बसू यांनी भारतीय औषधी वनस्पतींवर मोठा ग्रंथ केला होता. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे संपादन तिघांनी केले: ब्लॅटर, फादर कायस आणि डॉ. कृ. श्री. म्हसकर. कायस हे फ्रेंच जेझुइट. त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेत म्हसकरांच्या जोडीने सर्पदंशावर सांगितल्या जाणाऱ्या देशी वनस्पती प्रयोगाच्या कसोटीवर तपासल्या. आजीबाईच्या बटव्यातले औषध न हसता, न डोळे झाकून स्वीकारता, पारखून पाहायचे, ही त्या दोघांची पद्धत होती. झेवियर्समधली एक संशोधन प्रयोगशाळा आज कायस यांच्या नावाने आहे.

युद्धाचे दिवस

1914 च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले आणि कॉलेजचा पायाच हलला. मुंबईच्या कॅथलिक मिशनची मदार जर्मन जेझुइटांवर होती. आर्चबिशप युर्गेन्स जर्मन, बहुतेक प्राध्यापक जर्मन भाषक. ब्रिटिश हिंदुस्थानात जर्मन नागरिकांना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केले जाऊ लागले. मग त्यांना मायदेशी पाठवण्याचा निर्णय झाला. ज्यांनी आयुष्याची वीस-तीस वर्षे इथल्या मुलांना शिकवण्यात घालवली होती, त्यांना बोटीवर चढवण्यात आले. कॉलेजातली शिकवणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली.

ज्या मायदेशी त्यांना पाठवले, त्या जर्मनीत 1872 चा कायदा अजून अंगावर होता. तो पूर्णपणे रद्द झाला 1917 मध्ये. आपली म्हणावी अशी भूमी या माणसांना त्या वर्षांत कुठेच नव्हती. त्यांच्यातल्या बहुतेकांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत. कॉलेजची पहिली पंचेचाळीस वर्षे त्यांनी उभी केली आणि त्यांना निरोप घेण्याचीही नीट संधी मिळाली नाही, ही या इतिहासातली सल आहे.

कॉलेज बंद पडले नाही. इंग्लंडहून फादर अल्बन गुडियर यांना मदतीला पाठवण्यात आले. तेच पुढे 1919 मध्ये मुंबईचे आर्चबिशप झाले. ब्लॅटर उच्च धर्मशिक्षणासाठी युरोपात गेले होते, ते 1915 मध्ये परतले. ते तटस्थ देशाचे नागरिक होते. 1919 ते 1924 या काळात त्यांनी प्राचार्यपद सांभाळले आणि ढासळलेली घडी पुन्हा बसवली. दरम्यान मुंबईचे मिशन स्पेनमधल्या अरागॉन प्रांताच्या जेझुइटांकडे सोपवले गेले. जर्मनांच्या जागी स्पॅनिश आले. भाषा बदलली, स्वभाव बदलला, पण वसा तोच राहिला.

हेरास आणि त्यांचे शिष्य

1922 मध्ये बार्सिलोनाचे फादर हेन्री हेरास मुंबईत उतरले. वय चौतीस, शिक्षण इतिहासाचे. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. कोणता इतिहास शिकवणार, असे विचारल्यावर त्यांनी आपल्याला सर्वांत कमी ठाऊक असलेला इतिहास कोणता याचा विचार केला. उत्तर होते भारताचा. मग तोच शिकवीन, असे ते म्हणाले. गोष्टीचे शब्द काहीही असोत, पुढची तेहतीस वर्षे हेरास तसेच वागले. 1926 मध्ये त्यांनी कॉलेजात भारतीय इतिहास संशोधन संस्था काढली. परीक्षेपुरता इतिहास शिकवण्याच्या त्या काळात एका कॉलेजच्या आवारात संशोधन संस्था असणे ही मुंबईत नवी गोष्ट होती.

हेरास स्वतः दक्षिणेकडे वळले. तालीकोटच्या लढाईनंतर विजयनगरचे काय झाले, हा प्रश्न घेऊन त्यांनी अरवीडु घराण्यावरचा ग्रंथ 1927 मध्ये प्रसिद्ध केला. पल्लवांवर लिहिले. मोहेंजोदडोच्या मुद्रांवरची लिपी वाचण्याचा ध्यास त्यांनी घेतला आणि तिच्यामागची भाषा द्रविड कुळातली असावी, असे मांडले. त्यांचे वाचन आज संशोधक जसेच्या तसे मानत नाहीत. तरी त्या लिपीमागे द्रविड भाषा असावी हा विचार पुढच्या अभ्यासकांनी सोडलेला नाही. त्यांनी नाणी, मूर्ती, हस्तलिखिते, हस्तिदंती कामे, जुने नकाशे जमवले आणि त्यांतून संग्रहालय उभे राहिले. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका ख्रिस्ताची आणि मेरीची चित्रे भारतीय शैलीत काढू लागले, तेव्हा हेरास त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मेरीच्या अंगावर साडी पाहून अनेक भाविक त्या वेळी अस्वस्थ झाले होते.

हेरास यांच्या हाताखाली शिकलेल्यांची संशोधने संस्थेच्या ग्रंथमालेत निघत गेली. जॉर्ज मोरायस यांनी कदंब घराण्याचा इतिहास लिहिला, तो 1931 चा. गोव्याच्या आणि बनवासीच्या कदंबांविषयी लिहिणाऱ्याला आजही तो ग्रंथ उघडावा लागतो. आणि 1939 मध्ये याच मालेत एका मराठी मुलीचा प्रबंध आला. विषय होता प्रारंभिक बौद्ध धर्मातला कायदा, म्हणजे विनयपिटकातले नियम. ती मुलगी दुर्गा नारायण भागवत.

दुर्गाबाईंचे नाव घेतले की ‘ऋतुचक्र’ आणि ‘व्यासपर्व’ आठवतात, 1975 च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि आणीबाणीविरुद्धचा त्यांचा निर्भय आवाज आठवतो. पण त्यांच्या विचाराची बैठक घडताना त्या धोबी तलावाच्या या कॉलेजात होत्या, ही गोष्ट मराठीत पुरेशी बोलली जात नाही. पाली ग्रंथ मुळातून वाचायचे, नियमामागचे समाजजीवन शोधायचे, पुराव्यावाचून बोलायचे नाही, ही शिस्त त्यांनी तरुणपणीच अंगी बाणवली. स्पॅनिश धर्मगुरूच्या संस्थेत मराठी मुलगी बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांचा अभ्यास करते, याहून झेवियर्सच्या त्या काळाचे नेमके चित्र दुसरे नाही. आपल्या धर्माची संस्था चालवणाऱ्यांनी दुसऱ्या धर्माच्या ग्रंथांना इतक्या आदराने जागा द्यावी, ही आजही शिकण्यासारखी गोष्ट आहे.

हेरास 14 डिसेंबर 1955 रोजी मुंबईत वारले. त्यानंतर संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. 1964 पासून ‘इंडिका’ हे संशोधनपत्र तिथून निघू लागले. बाणावलीचे फादर जॉन कोर्रैया-अफोन्सो यांनी तिची धुरा पुढे वाहिली. 1981 मध्ये भारत सरकारने हेरास यांच्यावर टपाल तिकीट काढले.

खंडाळ्याच्या घाटातून कलकत्त्याला

ब्लॅटर यांनी प्रकृती साथ देईना तेव्हा पाचगणीला मुक्काम हलवला आणि 1934 मध्ये त्यांचे निधन झाले. 1941 मध्ये संग्रहाला त्यांचे नाव मिळाले. तोवर त्याची किल्ली फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांच्या हाती आली होती. कॅटलोनियातून 1928 मध्ये भारतात आलेले सांतापाव लंडनला वनस्पतिशास्त्र शिकून, क्यू उद्यानात काम करून परतले होते.

सांतापावांचा आवडता प्रदेश खंडाळा. जून ते ऑक्टोबर, घाटात धुके आणि पाऊस असताना, तिथे जे जे उगवते ते त्यांनी वर्षानुवर्षे टिपले. कारवी किती वर्षांनी फुलते, कोणते रोप पहिल्या पावसानंतर किती दिवसांत फुलावर येते, या नोंदी त्यांच्याकडे होत्या. 1953 मध्ये खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्यानंतर पुरंदरच्या वनस्पतींवरचा. पुरंदर मराठी माणसाला तहामुळे आणि मुरारबाजीमुळे ठाऊक आहे. त्या गडाच्या उतारावर कोणती फुलझाडे उगवतात हे एका स्पॅनिश धर्मगुरूने नोंदवून ठेवले.

स्वतंत्र भारताने 1954 मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची नव्याने उभारणी सुरू केली, तेव्हा सांतापाव यांना कलकत्त्याला बोलावले गेले. ते मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ झाले आणि 1961 ते 1967 संचालक. कॉलेजच्या एका खोलीत सुरू झालेल्या कामाची पद्धत अशी साऱ्या देशाच्या सर्वेक्षणापर्यंत पोहोचली. 1967 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 1970 मध्ये ते वारले. हर्बेरियममधल्या नमुन्यांची संख्या आज दोन लाखांच्या घरात आहे आणि पश्चिम भारतातल्या वनस्पतींवर काम करणारा अभ्यासक तिथे आल्यावाचून राहत नाही.

स्वातंत्र्यानंतर

स्वातंत्र्यानंतर कॉलेजची सूत्रे हळूहळू भारतीय जेझुइटांकडे आली. 1969 मध्ये, शताब्दीच्या वर्षी, आवारात संज्ञापन शिकवणारी झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स सुरू झाली. शास्त्रीय संगीताच्या मैफली भरवणारा विद्यार्थ्यांचा इंडियन म्युझिक ग्रुप झाला. 1979 मध्ये ‘मल्हार’ सुरू झाला आणि आंतरमहाविद्यालयीन महोत्सवांच्या जगात त्याचे नाव गाजू लागले. इंग्रजी कवयित्री युनिस डिसूझा यांनी इथे तीस वर्षे साहित्य शिकवले. मराठी वाङ्मय मंडळाचा ‘आमोद’ इथे होतो. 2003 मध्ये दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी केंद्र निघाले. पुस्तक आवाजात आणि संगणकावर कसे उपलब्ध करायचे यापासून बँकेत आणि परीक्षेत दृष्टिबाधितांना कोणते अधिकार आहेत इथपर्यंत त्याचे काम पोहोचले. 2010 मध्ये कॉलेजला स्वायत्तता मिळाली आणि स्वतःचा अभ्यासक्रम आखण्याची मुभा आली.

मराठी मध्यमवर्गाच्या मनात मात्र झेवियर्सबद्दल एक दुरावा राहिला. ते कॉलेज इंग्रजी बोलणाऱ्यांचे, दक्षिण मुंबईतल्या सुखवस्तू घरांचे, तिथे गिरगावातल्या किंवा डोंबिवलीतल्या मराठी माध्यमाच्या मुलाला परके वाटणार, ही समजूत निराधार नव्हती. अनेकांनी तो परकेपणा सोसला आहे. संस्थेने त्याची दखल घेऊन प्रवेश आणि आर्थिक मदत यांत वंचित घरांतल्या मुलांचा विचार वाढवला, सामाजिक कामातला सहभाग अभ्यासक्रमाचा भाग केला. तरी दुरावा पूर्ण मिटलेला नाही, आणि तो मिटवण्याची जबाबदारी दोन्ही बाजूंची आहे. ज्या संस्थेच्या कपाटांत साष्टी, खंडाळा आणि पुरंदर यांच्या मातीतली रोपे जपून ठेवली आहेत, ती संस्था आपली नाही असे मराठी माणसाने मानू नये. आणि ज्या संस्थेचा मोठेपणा या मातीच्या अभ्यासातून आला, तिने या मातीच्या भाषेला दारात ताटकळत ठेवू नये.

2018 मध्ये, दीडशेव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, कॉलेजने जेझुइट नसलेल्या व्यक्तीला प्राचार्यपद दिले. ते होते डॉ. राजेंद्र शिंदे, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि ब्लॅटर हर्बेरियमचे संचालक. 1906 मध्ये एका स्विस धर्मगुरूने सुरू केलेल्या संग्रहाची निगा राखणारा मराठी अभ्यासक त्या धर्मगुरूच्या खुर्चीवर बसला. त्या नेमणुकीत मला या साऱ्या इतिहासाचा अर्थ दिसतो. शिक्षणसंस्था कुणी काढली, कोणत्या देशातून माणसे आली, त्यांच्या धर्माचे नाव काय, हे सगळे सुरुवातीला महत्त्वाचे असते. पण त्यांनी इथल्या भूमीकडे विद्यार्थ्याच्या नजरेने पाहिले, तर काही पिढ्यांत त्या भूमीतली माणसेच त्यांचा वारसा चालवू लागतात. आज महाराष्ट्रात नव्या इमारती, नवी कॉलेजे, नवी विद्यापीठे उभी राहत आहेत. तुमच्या जिल्ह्यातल्या डोंगराची, नदीची, शिलालेखांची आणि बोलीची नोंद तुमच्याकडे आहे का, हा प्रश्न त्यांतल्या प्रत्येकाला विचारायला हवा. झेवियर्सच्या दीडशे वर्षांनी दाखवले आहे की कॉलेज मोठे होते ते या प्रश्नाला उत्तर देता देता.